अस्पर्श प्रागैतिहासिक जग : कथेतल्या माणसांना आत जाऊ द्यावं का?

अर्धी_गोष्ट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एक विज्ञानकथा लिहायला घेतली आहे. चारी बाजूंनी उभे कडे असलेली खोल दरी, वर कायम ढग. कधीकाळी जमीन खचली आणि तेव्हापासून आतलं जग बाहेरच्या जगापासून तुटलं. आत डायनोसॉर आहेत (हसू नका). सहा जणांची तुकडी दोरांवरून खाली उतरते, मागोमाग शिकाऱ्यांची टोळी येते. आपली तुकडी टोळीला पळवून लावते, वर येते आणि कोणालाही काही सांगायचं नाही अशी शपथ घेते. समाप्त.

तीन प्रकरणं झरझर झाली. चौथ्यात गाडी रुतली, आणि तीही अक्षरशः चिखलात. तुकडीतली वनस्पतिशास्त्रज्ञ खाली पोचल्यावर सगळ्यात आधी बुटांना लागलेला चिखल दगडावर खरवडते. मी सहज लिहून गेले. मग लक्षात आलं की तो चिखल वरचा आहे, आपल्या जगातला. रात्री झोप लागेना. शिकारी यायच्या आधीच माझ्या नायिकेने त्या जगाची वाट लावली का? तसं असेल तर माझा खलनायक कोण? आणि कोणी आतच जायचं नसेल तर लिहायचं काय?

ज्यांना यातलं कळतं त्यांनी बिनधास्त झोडपावं.

निवांत_वाचक

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

खडकफोड्या

चिखलाचं नंतर बघू, आधी तुमच्या डायनोसॉरांचा हिशोब करू.

कथेतली दरी नक्की कधीपासून बंद आहे? डायनोसॉरांच्या काळापासून म्हणजे किमान ६.६ कोटी वर्षं. एवढ्या काळात आत उत्क्रांती हात बांधून बसून राहिली का? या जातीच्या कथांमधली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच. लेखक जगाला कुलूप लावतो आणि समजतो की आतलं घड्याळही थांबलं. न्यूझीलंडचा भूभाग सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी बाजूला सरकला. तिथे काय उरलं? तुआतारा नावाचा सरड्यासारखा दिसणारा, पण सरडा नसलेला प्राणी, एका मोठ्या कुळाचा शेवटचा वारस. बाकी सगळं नव्याने घडलं. जमिनीवर सस्तन प्राणी जवळपास नव्हतेच, म्हणून चरायचं काम पक्ष्यांनी घेतलं आणि मोआसारखे न उडणारे थोराड पक्षी झाले. जग बंद केलं की ते जुनं राहत नाही, वेगळं होतं.

आणि कृपा करून स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स एकाच दरीत टाकू नका. त्या दोघांमध्ये सुमारे ८ कोटी वर्षांचं अंतर आहे. टी-रेक्स आणि आपल्यातलं त्याहून कमी.

दरी केवढी आहे?

अर्धी_गोष्ट

स्टेगोसॉरस होता. दुसऱ्याच प्रकरणात. आता काढते. :(

दरी साधारण तीस किलोमीटर लांब, वीस रुंद.

खडकफोड्या

म्हणजे ६०० चौरस किलोमीटर. २०२१ साली एका अभ्यासात टी-रेक्सच्या संख्येचा अंदाज बांधला होता: एका वेळी सुमारे २०,०००, त्यांच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला एखादा. चूकभूल बरीच मोठी आहे, ते अभ्यासकच सांगतात. पण धरून चालू. तुमच्या दरीत सहा. तुकडीत माणसं सहा, टी-रेक्स सहा. जोड्या बरोबर लागतात.

गंमत सोडा. संवर्धनात १९८० पासून एक ढोबळ आडाखा वापरतात: जवळच्या नात्यातल्या संकराचे तोटे थोड्या काळापुरते टाळायचे तर किमान ५० प्रजननक्षम जीव हवेत, आणि जनुकांमधली विविधता दीर्घकाळ टिकवायची तर ५००. आकडे हल्ली तोकडेच मानतात. सहांवर कोणतंही कुळ कोट्यवधी वर्षं तगत नाही. रँगल बेटावर मॅमथ अवघ्या ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होते, पण शेवटच्या काळातल्या मॅमथच्या जनुकांमध्ये बिघाड साचत गेलेले दिसतात. बेट हा आसरा असतो, तसाच सापळाही असतो.

पण निराश होऊ नका, यातच तुमची खरी कथा आहे. आजच्या रोमानियात हात्सेग भागात डायनोसॉरांचे जीवाश्म सापडतात. क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरीला तिथे बेट होतं. इतरत्र वीस-वीस मीटर लांब होणाऱ्या लांबमान्यांचा नातलग तिथे जेमतेम सहा मीटरचा झाला. आणि मोठे मांसाहारी डायनोसॉर तिथे सापडतच नाहीत. मग शिकार कोण करायचं? हात्सेगोप्टेरिक्स. दहा-एक मीटर पंखांचा, जाड मानेचा उडता सरीसृप. तो बहुधा जमिनीवर चालत येऊन शिकार उचलत असावा.

आता सांगा, ढगात झाकलेल्या दरीत काय जास्त भीतीदायक वाटेल? तोच तो टी-रेक्स, की धुक्यातून जिराफाच्या उंचीचं काहीतरी चार पायांवर चालत येणं?

निवांत_वाचक

चालत येणं. आज दिवे चालू ठेवून झोपणार.

उलटतपासणी

कथा लिहायची आहे की प्रबंध? एवढे आकडे घालून बसलात तर बाईंच्या पाचव्या प्रकरणाला मुहूर्त लागणार नाही. वाचक दरीत उतरायला येतो. त्याला पाऊल टाकायचंय, डरकाळी ऐकायचीय, पळायचंय. “चिखल लागला, परत चला” ही कथा कोण वाचणार? लेखिकाबाई, शास्त्र गेलं खड्ड्यात, शिकारी ठेवा.

खडकफोड्या

शास्त्र खड्ड्यात गेलंच आहे, कथा दरीतच घडतेय. :)

पेट्री

उलटतपासणी, असहमत. मी बरीच वर्षं ऊती संवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) प्रयोगशाळेत काम केलंय. माझ्यासाठी या कथेतली सगळ्यात थरारक गोष्ट तो चिखलच आहे.

आमच्याकडे दोन महिने जपलेल्या बाटल्या एका सकाळी धुरकट व्हायच्या. दार बंद, हवा गाळलेली, हात धुतलेले, तरी बुरशी. प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने बघायचा. एकदा शोधत शोधत उगम माझ्यापर्यंत आला. मी मास्क नाकाखाली ओढून बोलत होते. इतकंच. ना वाईट हेतू, ना हलगर्जी म्हणावी असं काही. अर्धी बॅच गेली. तेव्हापासून मला चांगल्या माणसांची जास्त भीती वाटते. वाईट माणूस दिसतो तरी.

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. तुमची सहा जणांची तुकडी ही सहा चालती-फिरती जंगलं आहेत. बूट निर्जंतुक करता येतील, आतडी कशी करणार?

ख्रिसमस बेटाचं उदाहरण बघा. तिथे मॅक्लीअर नावाचा उंदीर होता, फक्त त्याच बेटावरचा आणि अमाप. १८९९ च्या सुमारास जहाजातून काळे उंदीर उतरले. चार-पाच वर्षांत मॅक्लीअर उंदीर नाहीसा. शंभर वर्षांनी संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांमधला डीएनए तपासला. काळे उंदीर यायच्या आधीच्या नमुन्यांत संसर्ग नाही, नंतरच्यांत ट्रिपॅनोसोम हा रक्तातला परजीवी. भांडण झालं नाही, कोणी कोणाला खाल्लं नाही. फक्त भेट झाली.

कासवचाल

पेट्रीताईंना दंडवत. “फक्त भेट झाली.” हेच वाक्य कथेचं शीर्षक करा.

आता चिखलाकडे येतो, कारण मला राहवत नाहीये. डार्विनने तळ्याकाठचा तीन मोठे चमचे चिखल घरात सहा महिने झाकून ठेवला, उगवेल ते रोप उपटून मोजलं. ५३७ रोपं! एका कपात मावेल एवढ्या चिखलातून. दुसऱ्या एकाने त्याला तित्तिराचा पाय पाठवला होता, पायाला सुकलेल्या मातीचा गोळा. त्यातून ८२. तुमच्या नायिकेने दगडावर खरवडलेला चिखल किती चमचे होता ते तुम्हीच ठरवा.

प्रत्यक्षात हे घडलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्समध्ये १९९४ साली एका अरुंद घळीत वोलेमी पाइन सापडला. त्याच्या वंशाचे जीवाश्म ९ कोटी वर्षांपर्यंत मागे जातात आणि तो वंश संपला असाच समज होता. जिवंत मोठी झाडं शंभरही नाहीत. जागा गुप्त ठेवली. शास्त्रज्ञांनाही बूट धुऊन, मोजक्यांनाच प्रवेश. तरी २००५ मध्ये तिथल्या मातीत फायटोफ्थोरा सापडला, मुळं कुजवणारा. संशय असा की कोणी हौशी माणूस चोरून बघायला गेला आणि बुटांवरून घेऊन गेला. त्याला झाड तोडायचं नव्हतं. फांदीही नको होती बहुतेक. त्याचं त्या झाडावर प्रेम होतं म्हणूनच तो तिथवर गेला.

अर्धी_गोष्ट, तुमचा खलनायक हा आहे. शिकारी कशाला हवेत?

आणखी एक. फ्रान्समधली प्रागैतिहासिक चित्रांची लास्कोची गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. रोज हजारभर माणसं. हजारो वर्षं टिकलेली चित्रं पंधरा वर्षांत आजारी पडली. कारण काय, तर श्वास. उच्छ्वासातली वाफ, कार्बन डायऑक्साइड, पाहायला लावलेले दिवे. भिंतीवर हिरवं शेवाळ चढलं. १९६३ मध्ये बंद. २००१ मध्ये पुन्हा पांढरी बुरशी. त्यातून धडा घेतला म्हणून १९९४ मध्ये शोवेची गुहा सापडली ती लोकांसाठी एकदाही उघडली नाही. लोक प्रतिकृती बघतात.

थेट_मुद्दा

सुर्त्से राहिलं की कासवकाका.

कासवचाल

राहिलंच! आइसलँडच्या दक्षिणेला १९६३ मध्ये समुद्रात ज्वालामुखी फुटून नवंकोरं बेट वर आलं. कोऱ्या जमिनीवर जीवन कसं पसरतं ते बघायचं म्हणून मोजके शास्त्रज्ञ सोडून सगळ्यांना बंदी. एकदा तिथे कोणालाच ओळखता येईना असं रोप उगवलं. खळबळ. नीट पाहिलं तर टोमॅटो. एका अभ्यासकाला निसर्गाची हाक आली होती आणि त्याने ती उघड्यावरच ऐकली होती. रोप उपटलं, ‘खत’ही उचलून नेलं.

निवांत_वाचक

हाहाहा. फुटलो. आता मला कथेत हा प्रसंग हवाच.

उलटतपासणी

किस्से मस्त आहेत, पण माझा मुद्दा तिथेच आहे. वोलेमीवर संशोधन झालं कारण कोणीतरी आत गेलं. लास्को कळली कारण पोरं आत उतरली. कोणीच गेलं नाही तर वाचवायचं आहे हे तरी कसं कळणार? जे माहीतच नाही ते राखता येत नाही. दरीचं तोंड बंद करून बसलात तर उद्या कोणी वर धरण बांधेल, आणि खाली काय बुडालं हे कोणाच्या गावीही नसेल.

आणि ती शपथ! सहा जणांनी ठेवलेलं गुपित हे गुपित नसतंच. वर तुम्ही एवढा मोठा शोध सहा माणसांच्या मर्जीवर टांगून ठेवता. त्यांना कोणी नेमलं?

अर्धी_गोष्ट

हा मुद्दा लागला. शपथ घेताना मला स्वतःलाच भरून आलं होतं, पण आता वाचते तर ती सहाही माणसं आगाऊ वाटतात.

कासवचाल

उलटतपासणींशी चक्क सहमत. तारीख लिहून ठेवा.

गुप्तता आणि संरक्षण वेगळं. वोलेमीच्या बाबतीत त्यांनी जागा लपवली पण झाड वाटलं. रोपं तयार करून बाजारात आणली, लोकांनी अंगणात लावली. घळीपर्यंत जायचं कारणच काढून घेतलं. आणि २०१९-२० च्या वणव्यात घळ धोक्यात आली तेव्हा विमानांतून आगरोधक टाकलं, अग्निशमनवाले हेलिकॉप्टरमधून दोराने उतरले, झाडांना पाणी द्यायची सोय लावली. जगाला माहीतच नसतं तर एवढी यंत्रणा कोणी हलवली असती?

म्हणजे आतही जावं लागलं बघा. दोरानेच.

थेट_मुद्दा

तुम्ही सगळे पृथ्वीवरच अडकलात. हा प्रश्न ज्यांनी सगळ्यात गांभीर्याने घेतला ते अंतराळवाले. १९६७ च्या बाह्य अवकाश करारातच लिहिलंय की दुसऱ्या खगोलांना घातक प्रदूषण होऊ द्यायचं नाही. १९७६ साली मंगळावर उतरलेली व्हायकिंगची दोन्ही यानं निघण्यापूर्वी भट्टीत घालून ११० अंशांच्या वर तासन्‌तास भाजली होती. गॅलिलिओ यानाचं इंधन संपत आलं तेव्हा २००३ मध्ये ते मुद्दाम गुरूमध्ये घुसवलं. कारण भरकटून ते युरोपा चंद्रावर आदळलं असतं तर? बर्फाखाली महासागर आहे, त्यात न जाणो काही असेल. कॅसिनीचंही तेच, २०१७ मध्ये शनीत. कोणी पाहिलेलं नाही, असेल याची खात्री नाही, अशा जिवांसाठी चालतं-बोलतं यान जाळून टाकलं.

यातला पेच कथेला सोन्यासारखा आहे. मंगळावर जिथे पाणी असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथे पुरेसं निर्जंतुक न केलेलं यान न्यायला मनाई. म्हणजे जिथे जीव सापडेल तिथेच जायचं नाही. जिथे जाता येतं तिथे तो बहुधा नाही.

पृथ्वीवरचं म्हणाल तर अंटार्क्टिकात व्होस्टोक सरोवर. साडेतीन किलोमीटरहून जास्त बर्फाखाली, लाखो वर्षं झाकलेलं. २०१२ मध्ये रशियन तुकडी पोचली, पण भोक गोठू नये म्हणून त्यात रॉकेल आणि फ्रिऑन भरलेलं. नंतर नमुन्यात जिवाणू मिळाले की वाद सुरू: हे सरोवरातले की रॉकेलमधले? शतकात एकदा उघडणारं दार, आणि त्याच्या बिजागरीलाच तेल. पुढच्याच वर्षी अमेरिकी तुकडीने व्हिलन्स सरोवरात सुमारे ८०० मीटर बर्फातून गरम पाण्याने छिद्र पाडलं. ते पाणीही गाळलेलं, अतिनील किरणांखालून नेलेलं. त्यांना सरोवरात भरपूर जिवंत पेशी सापडल्या आणि लोकांचा विश्वासही बसला. घाई न करणं हीसुद्धा शोधाची पद्धत असते.

भुईनळा

प्राचीन काळी हवेत ऑक्सिजन खूप होता ना? मग दरीत उतरल्यावर माणसांना नशा चढेल, ड्रॅगनफ्लाय गरुडाएवढे असतील, काडी ओढली की भडका. हे घ्या की कथेत.

खडकफोड्या

तो काळ वेगळा. कार्बोनिफेरस, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास गेला असावा, आणि ७० सेंटिमीटर पंखांची चतुराची भावंडं होती. डायनोसॉर त्यानंतर खूप उशिरा आले. पण मुख्य अडचण ही की दरी वरून उघडी आहे. हवा तीच राहणार, जी आपण ओढतो.

वेगळी हवा हवी असेल तर बंद गुहा घ्या. रोमानियातलीच (रोमानिया आज फारच येतंय) मोविले गुहा १९८६ मध्ये विहीरवजा खड्डा खणताना सापडली. सुमारे ५५ लाख वर्षं बंद. आत ऑक्सिजन आपल्या निम्म्याहून कमी, कार्बन डायऑक्साइड शंभरपट, सडक्या अंड्यांचा वास. सूर्याचा कण नाही. पाण्यावर जिवाणूंची साय, ते गंधकाच्या रसायनांवर जगतात आणि त्यांच्यावर बाकीचे: आंधळे कोळी, जळवा, पाणविंचू. यातले बरेच जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

अर्धी_गोष्ट

थांबा थांबा. “दरी वरून उघडी आहे.” म्हणजे वारा येतो, पक्षी येतात, तित्तिराचे मातीचे पाय येतात. मग माझी दरी अस्पर्श कधी होती?

पेट्री

नव्हतीच. सूक्ष्म प्लास्टिक मारियाना गर्तेतही आहे आणि एव्हरेस्टच्या बर्फातही. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचा कार्बन जगभरच्या झाडांच्या वलयांत बसलाय. दरीतल्याही बसला असणार. तापमानवाढीला दोर लागत नाही.

पण म्हणून “आता काय, सगळंच बाटलंय, चला उतरू” हे काही पटत नाही. पावसाने भिजलेल्याला ढकलून विहिरीत टाकायचं का?

उलटतपासणी

हे छान होतं. तरी माझा प्रश्न अनुत्तरित. आत न जाता कथा कशी?

पेट्री

दरीतलं पाणी बाहेर कुठे जातं?

अर्धी_गोष्ट

अं... विचारच केला नव्हता. ढगांतून पाऊस पडतो, चारी बाजूंनी कडे. तळं झालं पाहिजे ना?

पेट्री

किंवा चुनखडी असेल तर जमिनीखालून वाट काढून कड्याच्या दुसऱ्या अंगाला झऱ्यातून बाहेर पडेल. तिथे बसवा तुमची तुकडी.

प्रत्येक प्राणी पाण्यात स्वतःचा डीएनए सोडत असतो. कातडीचे कण, लाळ, मूत्र, विष्ठा. याला पर्यावरणीय डीएनए म्हणतात. बादलीभर पाणी अतिशय बारीक फिल्टरमधून ओढायचं आणि फिल्टरवर राहिलेला डीएनए वाचायचा. वरच्या अंगाला कोणते मासे, कोणते बेडूक, पाणी प्यायला कोण आलं, सगळ्याचा माग लागू शकतो. आता तर हवेतूनही जमतं. २०२२ मध्ये दोन गटांनी प्राणिसंग्रहालयात नुसती हवा गाळून कोणकोणते प्राणी आहेत ते सांगितलं होतं.

कथेसाठी मर्यादा जास्त कामाच्या, म्हणून त्याही सांगते. हा डीएनए नदीत फार टिकत नाही, काही तास ते काही दिवस. ऊन आणि उबेत लवकर तुटतो. गार अंधाऱ्या भुयारातून आला तर थोडा जास्त. म्हणजे जे वाचाल ते या आठवड्याचं असतं, इतिहास नसतो. दुसरं, वाचलेला तुकडा माहीत असलेल्या प्राण्यांच्या यादीशी ताडून बघतात. यादीत नसेल तर यंत्र नाव सांगत नाही, फक्त शेजार सांगतं. तुमच्या डायनोसॉरांच्या बाबतीत ते म्हणेल: पक्षी नाही, मगर नाही, दोघांच्या मध्ये कुठेतरी, पण पक्ष्यांकडे झुकलेलं.

आणि तिसरं, हे प्रत्येक नवशिक्याला छळतं. फिल्टरवर माणसाचा डीएनए जवळजवळ नेहमीच सापडतो. तो तुमचाच असतो. म्हणून प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना चालवायचा: शुद्ध पाणी, तीच नळी, तोच हात, तीच पद्धत. कोऱ्यात जे दिसेल ते आपलं, ते वजा करायचं.

थेट_मुद्दा

“नाव सांगत नाही, फक्त शेजार सांगतं.” अंगावर काटा आला.

खडकफोड्या

+१. म्हणजे आकार नाही, रंग नाही, डरकाळी नाही. नुसता एक अनोळखी शेजारी, दर आठवड्याला पाण्यातून खूण पाठवणारा. आणि एका आठवड्यात ती खूण येत नाही.

उलटतपासणी

बरं बाबा, हरलो. अर्धा. यावर कादंबरी उभी राहील असं अजूनही वाटत नाही, पण पहिलं प्रकरण मी वाचेन. एक मात्र सांगतो. झऱ्याशी बसलेल्यांपैकी एकाला आत जायचंच असलं पाहिजे. सगळे शहाणे असतील तर कथा मेली. त्याला आत जायचं असावं, आणि त्याची कारणं आपल्याला पटावीत.

कासवचाल

ती तुमची वनस्पतिशास्त्रज्ञ. वीस वर्षं जीवाश्मातली पानं मोजलीयेत तिने. एकदा तरी ओलं पान बघायचंय. एवढंच कारण पुरे.

भुईनळा

ड्रोन पाठवा की सरळ.

पेट्री

ड्रोन पडतो. मग आणायला कोण जाणार?

अर्धी_गोष्ट

चार दिवस गायब होते. तीनही प्रकरणं फेकून दिली. शिकारी गेले, शपथ गेली, स्टेगोसॉरस तर आधीच गेला होता. नव्याने लिहिलेला एक तुकडा टाकतेय. कच्चा आहे.

*सातव्या आठवड्यात झऱ्याचं पाणी गढूळ आलं. दरीत पाऊस झाला असणार. तिने फिल्टर बदलला, हातमोजे बदलले, पुन्हा फिल्टर बदलला. इथे बोलायचं नाही असा नियम होता, त्यामुळे दिवसभर फक्त पंपाची घरघर.*

*यादी रात्री आली. एकेचाळीस ओळी. अडतीस ओळखीच्या झाल्या होत्या, म्हणजे नावाने नव्हे, सवयीने. अकरावा पाऊस झाला की यायचा. बाविसावा आणि तेविसावा नेहमी बरोबर. सव्विसावा, पक्ष्यांकडे झुकलेला, गेले तीन आठवडे आला नव्हता तो आज होता. तिने वहीत त्याच्यापुढे छोटीशी खूण केली आणि उगाचच हसली.*

*शेवटची ओळ होती माणूस.*

*“ती खोड,” मागून प्रमुख म्हणाले. “आपलीच असते.”*

*तिने पेन उचललं. खिडकीबाहेर कडा उभा होता, ढगांत गेलेला. तिचे बूट दाराशी, पिशवीत बंद, सात आठवडे न वापरलेले.*

*पेन तसंच धरून ती दुसऱ्या कागदाकडे वळली.*

निवांत_वाचक

आणि?? इथे कोण थांबतं? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! पुभाप्र, पुभाप्र.

खडकफोड्या

सव्विसावा परत आला तेव्हा मीही हसलो. जमलंय.

पेट्री

दुसरा कागद म्हणजे कोरा नमुना ना? त्यात काय होतं?

अर्धी_गोष्ट

काहीच नाही. साफ होता.

उलटतपासणी

एक मिनिट. म्हणजे दरीत कोणीतरी जाऊन आलंय. कधीतरी, पूर्वी.

अर्धी_गोष्ट

पूर्वी कसं? पेट्रीताई म्हणाल्या ना, काही दिवसच टिकतं.